न विरघळणाऱ्या औषधासाठी पॉलिमर कसा निवडायचा आणि कसा वापरायचा

नवीन मॉलिक्युल हातात येतो, सोल्युबिलिटी काढली की कळतं पाण्यात जवळजवळ काहीच विरघळत नाहीये, आणि मग पहिला प्रश्न एकच, कुठला पॉलिमर घेऊ. याचं उत्तर एका नावात देता येत नाही कारण इथे पॉलिमरला एक नाही, तीन कामं असतात. डब्यात पडून असताना औषधाला परत क्रिस्टल होऊ द्यायचं नाही हे पहिलं, पाण्यात पडल्यावर औषधाला आपल्याबरोबर बाहेर काढायचं हे दुसरं, आणि बाहेर आलेलं औषध आतड्यात शोषलं जाईपर्यंत पाण्यात टिकवायचं हे तिसरं. बरेच जण पहिल्या कामावरून पॉलिमर ठरवतात कारण ते एक्सआरडी (एक्स-रेने क्रिस्टल ओळखणारी तपासणी) आणि डीएससीवर (तापवताना मालात होणारे बदल मोजणारी तपासणी) लगेच दिसतं, आणि तिसरं काम शेवटी डिझोल्युशनला, म्हणजे विरघळण्याच्या टेस्टला, बसल्यावर आठवतं. मी म्हणेन उलटं करा, तिसऱ्यापासून सुरुवात करा. त्याला ड्रग अगदी थोडं लागतं, माल बनवायचं मशीन लागत नाही, एका दिवसात निकाल मिळतो आणि निम्मे पॉलिमर तिथेच बाद होतात.

आधी खात्री करा की हा मार्ग लागणार आहे का

ड्रग वीक ॲसिड किंवा वीक बेस असेल तर आधी सॉल्ट करून बघा, कारण चांगला स्टेबल सॉल्ट मिळत असेल तर त्याच्याइतकं सोपं दुसरं काही नाही. सोल्युबिलिटी पुरेशी आहे पण विरघळायला वेळ लागतो एवढाच प्रॉब्लेम असेल तर मायक्रोनायझेशन किंवा नॅनोमिलिंगने काम होतं (तिथेही पॉलिमर लागतो, पण कणांना एकमेकांना चिकटू न देण्यापुरता).

हिशोब असा करायचा. समजा डोस २०० मिग्रॅ, सोल्युबिलिटी ०.०१ मिग्रॅ प्रति मिली. बीसीएसमध्ये, म्हणजे १९९५ मध्ये अमिडॉन आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या वर्गीकरणात, २५० मिली पाणी धरतात. २०० भागिले २५० म्हणजे ०.८ मिग्रॅ प्रति मिली विरघळायला हवं, आपल्याकडे आहे ०.०१, म्हणजे आपण ८० पट मागे आहोत. एवढा फरक नुसतं बारीक दळून भरून निघत नाही. अमॉर्फस केल्यावर, म्हणजे क्रिस्टलची बांधणी मोडल्यावर, सोल्युबिलिटी काही पटींनी वाढते, काही ड्रगमध्ये दहा-वीस पट, म्हणजे ८० पट एकदम नाहीच, पण आतडं सारखं औषध शोषून घेत असतं त्यामुळे सगळा डोस एकाच वेळी विरघळलेला असायची गरज नसते. फक्त परमिएबिलिटी, म्हणजे आतड्याच्या भिंतीतून आत जायची क्षमता, चांगली हवी. बीसीएसचा क्लास टू (सोल्युबिलिटी कमी, परमिएबिलिटी चांगली) असेल तर पॉलिमरचा फायदा दिसतो, क्लास फोर (दोन्ही कमी) असेल तर विरघळवूनही औषध आतड्याच्या भिंतीतून पुरेसं आत जात नाही आणि तो अडथळा हे पॉलिमर सोडवत नाहीत.

अजून एक खूण म्हणजे मेल्टिंग पॉइंट. मेल्टिंग पॉइंट जास्त आणि लॉग पी (मॉलिक्युल पाण्यापेक्षा तेलात किती रमतो याचा आकडा) मध्यम असेल तर क्रिस्टलची बांधणीच घट्ट आहे, ती मोडली की फायदा होतो आणि अमॉर्फस सॉलिड डिस्पर्शन म्हणजे एएसडी (पॉलिमरमध्ये पसरवलेलं अमॉर्फस ड्रग) हा योग्य रस्ता. मेल्टिंग पॉइंट कमी आणि लॉग पी पाच-सहाच्या वर असेल तर क्रिस्टल मोडून फारसं हाती लागत नाही, मॉलिक्युललाच पाणी नकोय, अशा वेळी लिपिड फॉर्म्युलेशनचा विचार आधी करा.

पाण्यातली टेस्ट, इथेच खरी निवड होते

या टेस्टला सॉल्व्हंट शिफ्ट म्हणतात. ५० मिली पीएच ६.५ चा फॉस्फेट बफर घ्या, फासिफ (उपाशीपोटी आतड्यात असतो तसा कृत्रिम द्रव) मिळत असेल तर उत्तमच, ३७ डिग्रीला ठेवा, त्यात पॉलिमर आधीच विरघळवून घ्या, साधारण ०.५ ते १ मिग्रॅ प्रति मिली. ड्रगचं डीएमएसओमध्ये कडक सोल्युशन करा आणि त्यातलं अर्धा मिली पिपेटने हळूच सोडा, म्हणजे डीएमएसओ एक टक्क्यावर जात नाही. एका बीकरमध्ये पॉलिमर अजिबात घालायचा नाही, तो कंट्रोल.

आता नुसतं पहात रहा. कंट्रोलमध्ये बऱ्याचदा सोडल्या सोडल्या पांढरे कण दिसतात आणि थोड्या वेळाने तळाला बसतात. चांगल्या पॉलिमरच्या बीकरमध्ये दुधी, किंचित निळसर झाक येते आणि ती तासभर तशीच रहाते, खाली काही बसत नाही. ही झाक बघून बीकर फेल धरू नका. तिथे ड्रगचे अगदी बारीक अमॉर्फस थेंब झालेत, म्हणजे कॉन्सन्ट्रेशन अमॉर्फस सोल्युबिलिटीच्या वर गेलंय आणि जास्तीचं ड्रग वेगळं होऊन थेंबांच्या रूपात बाजूला थांबलंय. विरघळलेलं ड्रग शोषलं गेलं की हे थेंब ती जागा भरून काढतात, त्यामुळे ही अवस्था आपल्याला हवीच आहे. नको आहे ते म्हणजे त्याच बीकरमध्ये नंतर चमकणारे सुईसारखे कण दिसणं. शंका आली तर एक थेंब स्लाइडवर घेऊन पोलराइज्ड मायक्रोस्कोपखाली धरा, चमकलं तर क्रिस्टल, काळंच राहिलं तर अमॉर्फस.

५, १०, २०, ३०, ६०, १२० मिनिटांना सॅम्पल काढा, ०.२ मायक्रॉनमधून फिल्टर करा, पहिले एक-दोन मिली टाकून द्या कारण असले ड्रग फिल्टरला चिकटतात. आणि फिल्टर झाल्या झाल्या लगेच ॲसिटोनायट्राइल किंवा मेथनॉलने डायल्युट करा. हे फार महत्त्वाचं आहे, सुपरसॅच्युरेटेड, म्हणजे मावतं त्याहून जास्त ड्रग विरघळलेलं, सॅम्पल व्हायलमध्ये तसंच ठेवलं तर एचपीएलसीवर (ड्रग मोजायच्या मशीनवर) नंबर लागेपर्यंत व्हायलच्या आतच क्रिस्टल होतात आणि पॉलिमर चांगला असूनही आकडा कमी येतो. दुधी सॅम्पलमधले थेंब काही वेळा फिल्टरमधून पार होतात, तेव्हा विरघळलेलं किती आणि थेंबांतलं किती हे वेगळं काढायचं असेल तर अल्ट्रासेंट्रिफ्यूज लागतं.

कुठले पॉलिमर घ्यायचे

पहिल्या फेरीत चार पुरेत: एचपीएमसीएएस (हायप्रोमेलोज ॲसिटेट सक्सिनेट), एचपीएमसी (हायप्रोमेलोज), कोपोव्हिडोन आणि सोल्युप्लस. ड्रग ॲसिडिक असेल तर युड्रागिट ई पण घ्या, तो बेसिक पॉलिमर आहे, ॲसिडिक ड्रगशी छान जुळतो, फक्त पीएच ५ च्या खाली विरघळतो हे लक्षात ठेवा.

माझं झुकतं माप एचपीएमसीएएसला आहे आणि त्याला कारण आहे. त्याच्या साखळीवर ॲसिटिल आणि सक्सिनॉइल असे दोन गट असतात, एक पाण्यापासून पळणारा आणि एक आतड्याच्या पीएचला चार्ज घेणारा, त्यामुळे तो ड्रगलाही धरतो आणि पाण्यातही रहातो, आणि चार्जमुळे थेंब एकमेकांत मिसळत नाहीत. क्रिस्टल व्हायला लागलं की तो क्रिस्टलच्या पृष्ठभागावर बसून वाढ अडवतो. त्याचे एल, एम, एच असे ग्रेड येतात, एल साधारण पीएच ५.५ ला विरघळतो, एम ६ ला, एच ६.५ ला. ड्रग जितकं जास्त पाणीभीरू तितका एच कडे कल ठेवतात, पण एच उशिरा विरघळतो हा तोटा आहेच, म्हणून सुरुवात एम पासून करा. वीक बेससाठी याचा वेगळा फायदा आहे. असं ड्रग पोटातल्या ॲसिडमध्ये मस्त विरघळतं आणि आतड्यात पीएच चढला की खाली बसतं, एचपीएमसीएएस पोटात बंद रहातो त्यामुळे बरंचसं ड्रग योग्य ठिकाणीच सुटतं. आयव्हाकाफ्टर, टेलाप्रेव्हिर, व्हेम्युराफेनिब ही तिन्ही औषधं एचपीएमसीएएसवरच बाजारात आली.

साधा एचपीएमसी क्रिस्टल रोखण्यात खूप चांगला, इट्राकोनाझोलच्या कॅप्सूलमध्ये साखरेच्या मण्यांवर एचपीएमसी आणि ड्रगचा थर फवारलेला असतो, टॅक्रोलिमस आणि एट्राव्हिरिनमध्येही हाच. एक्स्ट्रुडरमध्ये (माल तापवून, मळून बाहेर ढकलणाऱ्या मशीनमध्ये) मात्र त्याला वितळवणं कठीण जातं.

कोपोव्हिडोन हा मशीनचा लाडका पॉलिमर, पटकन विरघळतो, एक्स्ट्रुजनला सोपा, पण त्याची एक खोड आहे जी उशिरा कळते. ड्रगचं प्रमाण एका मर्यादेपर्यंत असेल तर ड्रग आणि पॉलिमर दोघं बरोबर बाहेर येतात, ती मर्यादा ओलांडली की रिलीज थोडा थोडा कमी होत नाही, एकदम कोसळतो, कारण पॉलिमर एकटाच विरघळून निघून जातो आणि वर ड्रगची पाणी न घेणारी साल शिल्लक रहाते. ही मर्यादा प्रत्येक ड्रगला वेगळी असते, काहींना ती दहा टक्क्यांच्या आसपासच येते. म्हणून कोपोव्हिडोन घेतलात तर १०, २०, ३० टक्के असे ड्रगचे वेगवेगळे लोड (प्रमाण) करून रिलीज बघा, एकाच लोडवर विसंबू नका. साध्या पीव्हीपीचं (पोव्हिडोनचं) म्हणाल तर तो ओलावा खूप ओढतो, आणि पीव्हीपी व कोपोव्हिडोन दोघांमध्ये पेरॉक्साइड असतं, ड्रग ऑक्सिडाइज होणारं असेल तर पॉलिमरच्या सर्टिफिकेटवरचा पेरॉक्साइडचा आकडा आधी वाचा.

सोल्युप्लसने पाण्यातले आकडे फार सुंदर दिसतात, पण तो मायसेल (ड्रगला पोटात घेणारे बारीक गोळे) करतो, आणि मायसेलमध्ये बसलेलं ड्रग हे मोकळं ड्रग नव्हे. आतड्याच्या भिंतीतून पलीकडे जातं ते मोकळं असलेलंच. म्हणून सोल्युप्लसचा आकडा दुप्पट आला म्हणजे शोषणही दुप्पट होईल असं धरू नका, शक्य असेल तर मेम्ब्रेन लावून फ्लक्स, म्हणजे पलीकडे ड्रग किती वेगाने जातं ते, मोजा.

कोरड्या अवस्थेचा हिशोब: टीजी आणि ओलावा

पाण्यातून पास झालेले दोन पॉलिमर घेऊन आता पहिल्या कामाकडे या. अमॉर्फस पदार्थ किती स्थिर राहील याचा ढोबळ अंदाज टीजीवरून, म्हणजे ग्लास ट्रान्झिशन टेम्परेचरवरून (ज्या तापमानाला काचेसारखा कडक अमॉर्फस माल मऊ पडतो त्यावरून) येतो, आणि प्रचलित नियम असा की साठवणीच्या तापमानापेक्षा टीजी किमान ५० डिग्री वर हवा.

उदाहरण घ्या इंडोमेथॅसिनचं. अमॉर्फस इंडोमेथॅसिनचा टीजी साधारण ४२ डिग्री, कोपोव्हिडोनचा साधारण १०५. ३० टक्के ड्रग, ७० टक्के पॉलिमर, मिश्रणाचा टीजी काढायच्या फॉक्सच्या समीकरणात तापमान केल्व्हिनमध्ये घालायचं, ०.३ भागिले ३१५ अधिक ०.७ भागिले ३७८, उत्तर उलटं केलं की ३५७ केल्व्हिनच्या जवळपास येतं म्हणजे ८३ डिग्री. साठवण ३० ला, त्यात ५० मिळवले तर ८० हवे होते, झालं, पास. पण हा हिशोब कोरड्या मालाचा आहे. पाण्याचा टीजी साधारण १३६ केल्व्हिन, म्हणजे उणे १३७ डिग्री, तर तीन टक्के ओलावा धरून तेच समीकरण परत मांडा, मिश्रणाचा टीजी ६७ वर येतो. तीन टक्क्यांनी सोळा डिग्री गेले. एएसडीमध्ये पॅकिंगला एवढं महत्त्व का हे या एका हिशोबातून कळतं. समीकरण अंदाजापुरतंच आहे, ड्रग आणि पॉलिमरमध्ये हायड्रोजन बॉण्ड होत असतील तर खरा टीजी वेगळा येतो, तेव्हा मोजूनच खात्री करा.

माल बनवण्याआधी फिल्म कास्ट करून बघा. ड्रग आणि पॉलिमर दोन्ही विरघळेल अशा सॉल्व्हंटमध्ये सोल्युशन करायचं, काचेच्या स्लाइडवर दोन-चार थेंब, गरम प्लेटवर किंवा व्हॅक्युममध्ये सुकवायचं, १०, २५, ४०, ५० टक्के अशा वेगवेगळ्या लोडच्या स्लाइड करून ४० डिग्री आणि ७५ टक्के ह्युमिडिटीला उघड्या ठेवायच्या. रोज मायक्रोस्कोपखाली बघा. फिल्म काचेसारखी स्वच्छ राहिली तर पुढे जा. धुरकट झाली पण चमकत नाही तर ड्रग आणि पॉलिमर वेगळे व्हायला लागलेत, आणि कडेकडेने चमकणारे पंखे दिसले की त्या लोडला फुली मारा.

बनवायचं कसं

दोन मुख्य रस्ते, स्प्रे ड्राइंग (सोल्युशन गरम हवेत फवारून सुकवणं) आणि हॉट मेल्ट एक्स्ट्रुजन (तापवून, मळून बाहेर ढकलणं). ठरवायचं कसं तर ड्रग ॲसिटोन, मेथनॉल किंवा डायक्लोरोमिथेनमध्ये नीट विरघळत असेल तर स्प्रे ड्राइंग, आणि ड्रग उष्णता सहन करत असेल व पॉलिमरमध्ये वितळत असेल तर एक्स्ट्रुजन. ड्रग थोडंच उपलब्ध असेल तर स्प्रे ड्राइंगच, छोट्या मशीनवर काही ग्रॅममध्ये ट्रायल होते.

स्प्रे ड्राइंगमध्ये आउटलेट टेम्परेचर सांभाळा, तिथे माल अजून सॉल्व्हंटने ओला असतो आणि ओल्या मालाचा टीजी कमी असतो, आउटलेट त्याच्या वर गेलं की पावडर सायक्लोनला (पावडर गोळा करणाऱ्या भागाला) चिकटते. मशीनमधून निघालेला माल कोरडा समजू नका, ट्रे किंवा व्हॅक्युम ड्रायरमध्ये सेकंडरी ड्राइंग लागतंच. मालात उरलेल्या सॉल्व्हंटसाठी आयसीएच या आंतरराष्ट्रीय नियमावलीच्या मर्यादा मेथनॉलला ३००० पीपीएम, डायक्लोरोमिथेनला ६००, ॲसिटोनला ५०००. पावडर इतकी हलकी येते की सरळ टॅब्लेट मारता येत नाही, आधी रोलर कॉम्पॅक्शन (रोलरमध्ये दाबून घट्ट करणं) करा.

एक्स्ट्रुजनला सॉल्व्हंटची भानगड नाही, पण ड्रग आणि पॉलिमर दोघांचं टीजीए (कुठल्या तापमानाला पदार्थ विघटित होऊ लागतो याची तपासणी) आधी काढा. बॅरलचं तापमान पॉलिमरच्या टीजीच्या साधारण २०-३० डिग्री वरून सुरू करून हळूहळू वाढवा. एचपीएमसीएएस जास्त तापला की ॲसिटिक आणि सक्सिनिक ॲसिड सोडतो, त्याचा ड्रगवर परिणाम होतो का ते इम्प्युरिटी प्रोफाइलमध्ये तपासा. या पद्धतीने काय साधतं याचं मला सगळ्यात पटणारं उदाहरण लोपिनाव्हिर-रिटोनाव्हिर या एचआयव्हीच्या जोड औषधाचं. १९९८ मध्ये रिटोनाव्हिरच्या कॅप्सूलमध्ये अचानक कमी विरघळणारं नवीन क्रिस्टल रूप आलं आणि त्या कॅप्सूल बाजारातून काढाव्या लागल्या. पुढे २००५ मध्ये कोपोव्हिडोनमध्ये एक्स्ट्रुड केलेली कॅलेट्राची, म्हणजे या जोड औषधाची, गोळी आली, फ्रिजची गरज संपली, रोजच्या सहा कॅप्सूलऐवजी चार गोळ्या झाल्या. एचआयव्हीच्या ज्या रुग्णाच्या घरात फ्रिज नाही त्याच्यासाठी एका पॉलिमरने केवढा फरक पडला बघा.

दोन्ही जमत नसेल, म्हणजे मेल्टिंग पॉइंटही जास्त आणि साध्या सॉल्व्हंटमध्येही विरघळत नाही, तर तिसरा रस्ता को-प्रेसिपिटेशनचा. ड्रग आणि आयनिक पॉलिमर डायमिथाइल ॲसिटामाइडसारख्या सॉल्व्हंटमध्ये विरघळवून थंड ॲसिडिक पाण्यात सोडतात, दोघं एकदम खाली बसतात, मग धुवून सुकवायचं. व्हेम्युराफेनिब असंच बनवतात.

गोळी करताना

एएसडी उत्तम आणि गोळी बेकार, हे खूप वेळा होतं. कोपोव्हिडोन किंवा एचपीएमसीची एएसडी जास्त प्रमाणात घालून गोळी मारली की डिसइंटिग्रेशनच्या बास्केटमध्ये ती फुटत नाही, बाहेरून चिकट जेलीचा थर चढतो आणि गोळी साबणाच्या वडीसारखी बाहेरून झिजत बसते. अर्धी झिजलेली गोळी काढून ब्लेडने कापा, आत कोरडा पांढरा गाभा दिसेल, पाणी तिथवर पोचलेलंच नाही. उपाय म्हणजे एएसडीचं प्रमाण गोळीच्या निम्म्याच्या आत ठेवा, क्रॉसपोव्हिडोन किंवा क्रॉसकारमेलोज (गोळी फोडणारे पदार्थ) भरपूर घाला, अर्धं ग्रॅन्युलच्या आत आणि अर्धं बाहेर, आणि तरीही जेल होत असेल तर सोडियम क्लोराइड किंवा पोटॅशियम बायकार्बोनेटसारखं मीठ घालून बघा, मीठ पाणी स्वतःकडे ओढतं आणि पॉलिमरला जेल होऊ देत नाही. वेट ग्रॅन्युलेशन टाळाच, एवढ्या कष्टाने अमॉर्फस केलेल्या मालावर पाणी ओतायचं कशाला.

तपासणी

एक्सआरडीवर नुसता गोल फुगवटा दिसला म्हणजे शंभर टक्के अमॉर्फस असं नाही, काही टक्क्यांखालचे क्रिस्टल त्याला दिसत नाहीत, म्हणून पोलराइज्ड मायक्रोस्कोप सोबत हवाच. मॉड्युलेटेड डीएससीवर एकच टीजी यायला पाहिजे, दोन आले तर मिश्रण एकजीव नाही. मेल्टिंगचा पीक दिसला नाही यावरही निर्धास्त होऊ नका, डीएससीत तापवताना थोडे क्रिस्टल पॉलिमरमध्येच विरघळून जातात आणि पीक येतच नाही.

डिझोल्युशन नॉन-सिंक करा, म्हणजे सगळं ड्रग सहज विरघळणार नाही अशा मीडियामध्ये करा. मीडियामध्ये भरपूर एसएलएस (सोडियम लॉरिल सल्फेट, साबणासारखा पदार्थ) घातलं की चांगला आणि वाईट दोन्ही बॅच सारख्याच विरघळतात, शिवाय काही सिस्टिममध्ये एसएलएस पॉलिमरला ड्रगपासून बाजूला करतं आणि क्रिस्टल व्हायला मदतच होते. डेव्हलपमेंटमध्ये दोन टप्प्यांची टेस्ट सगळ्यात जास्त सांगते, आधी ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये अर्धा तास, मग पीएच ६.५ चा फासिफ, आणि सोबत तुलनेला क्रिस्टलाइन ड्रगची तितकीच मात्रा.

स्टॅबिलिटीला एक सेट उघडा आणि एक बंद पॅकमध्ये डेसिकंटसकट (ओलावा शोषणाऱ्या पुडीसकट) लावा, ४०/७५ ला एक, दोन, चार आठवड्यांनी काढा. प्रत्येक वेळी एक्सआरडीबरोबर नॉन-सिंक डिझोल्युशन पण करा, कारण एक्सआरडीला न दिसणारे मोजके क्रिस्टलसुद्धा पाण्यात पडल्यावर बी म्हणून काम करतात आणि दोन तास टिकणारं सुपरसॅच्युरेशन वीस मिनिटांत खाली येतं. उघडा सेट फेल आणि बंद सेट पास आला तर फॉर्म्युलेशन बदलायच्या आधी अलू-अलू ब्लिस्टर (दोन्ही बाजूंनी ॲल्युमिनियमचं पॅक) किंवा डेसिकंटवाली एचडीपीई बाटली लावून बघा. दोन्ही फेल आले तर ड्रग लोड खाली आणा, आणि तेवढ्यानेही भागलं नाही तर पाण्याच्या टेस्टमध्ये दुसरा आलेला पॉलिमर बाहेर काढा.